नवरी घेतल्याशिवाय न फिरणारी घोडी

मु. पो. चकलांबा, ता. गेवराई
दि. ११ डिसेंबर

आदरणीय धर्मराजभाऊ यांना निवृत्तीचा मनापासून जय भीम. वहिनींना जय भीम, लेकराबाळांना आशीर्वाद.

इकडे सर्व खुशाल आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. तुमच्या गुडघ्याचं कसं काय? मागच्या महिन्यात तुम्ही फोनवर गुडघ्याबद्दल सतरा मिनिटं बोललात आणि मग विचारलंत, 'बाकी काय?' तेव्हा बाकी काही उरलंच नव्हतं, म्हणून फोन ठेवला. घाटनांदूरला थंडी पडली का? अंजली सासरी रुळली का? आणि तिचे सासरे, म्हणजे आपले मुख्याध्यापक व्याही, यांच्या सफारीवरचा आमरसाचा डाग गेला का? (लिंबानं जातो म्हणतात. पण खिशात पावशेर रस साठला असेल तर लिंबाचं झाडच लावावं लागेल.)

त्या दिवशीची माझी बाजू कोणी ऐकूनच घेतली नाही, म्हणून आधी ती सांगतो. अंजलीच्या लग्नात वंदना झाली, हार घातले गेले, तुम्ही पाहुण्यांच्या हातावर अत्तर लावत फिरत होतात. मी तुमच्या बहिणीबरोबर, सिंधूबरोबर, जेवणाच्या रांगेत उभा होतो आणि पुढं मुख्याध्यापक वाढप्याला आमरस कसा वाढावा हे शिकवत होते. तेवढ्यात नवरदेवाच्या मित्रांनी मांडवामागं दहा हजारांची लड पेटवली. मला पुढचं एवढंच आठवतं, की माझा एक हात सिंधूच्या दंडावर होता, दुसरा मुख्याध्यापकांच्या मानेवर, आणि तोंडानं 'लेट जाओ! लेट जाओ!' चाललं होतं. बावीस वर्षं पलटणीत काढलेला माणूस दुसरं काय ओरडणार? मी दोघांनाही वाचवलं, ही माझी बाजू. मुख्याध्यापक कोपरापर्यंत पातेल्यात वाचले आणि सिंधू फरशीवर वाचली, मनगट मोडून. लोक हसले. ती हसली नाही. ती नुसती माझ्याकडं बघत राहिली, आणि ती नजर सात महिने झाले माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

प्लास्टर निघेपर्यंत भावाकडं, म्हणजे तुमच्याकडं, राहा, असं मीच तिला सांगून आलो. प्लास्टर आषाढात निघालं. पोळा गेला, दसरा गेला, दिवाळी गेली. आपल्यात बाई माहेराहून आपल्या पायानं परत येत नाही, न्यायला माणूस जावा लागतो, हे मला कळतं. 'न्यायला आल्याबिगर मी येत नसते' हा तिचा निरोप तुम्ही दोनदा दिलात, तोही मिळाला. पण श्रावणात बसचं टायर फुटेल अशी भीती होती, भादव्यात मुख्याध्यापक भेटतील अशी, आणि दिवाळीत तर मी घरातून अंगणातसुद्धा आलो नाही. रोज संध्याकाळी सातला मी तिला फोन करतो. 'जेवलीस का?' 'हो.' 'बरं.' एवढं बोलणं होतं. मनात वाक्यं भरपूर असतात, पण फोन कानाला लावला की सगळी पळून जातात. मग मी भाकरी थापायला बसतो. (भाकरी हिंदुस्थानच्या नकाशासारखी होते. परवा श्रीलंकाही वेगळी निघाली.) जेवताना दोन पाट मांडतो. सवय आहे, मोडवत नाही.

आता तुम्ही म्हणाल, दाजी एवढं लांबलचक पत्र कधीपासून लिहायला लागले? तर ही घोडीची कृपा आहे.

आमच्या गावचे सुभेदार अमरसिंह तुम्हाला माहीत आहेत, मिशीवाले. त्यांच्या रस्त्याकडेच्या वावरात एका डॉक्टरीणबाईंनी केंद्र काढलं आहे. नाव तेजश्री, वय आपल्या अंजलीपेक्षा चारपाच वर्षांनी जास्त. लढाईतून आलेल्या माणसांच्या डोक्यात जो फटाका अडकून बसतो, तो घोड्याच्या संगतीनं निघतो, असं त्यांचं शास्त्र. आम्ही चौघं माजी सैनिक जातो. नावनोंदणीच्या दिवशीच घोटाळा झाला. बाई म्हणाल्या, 'नाव?' मी म्हणालो, 'निवृत्ती.' त्या म्हणाल्या, 'ते कळलं हो, नाव सांगा.' (पेन्शनच्या खिडकीवर हे माझं आठ वर्षं चाललंय.) मला वाटलं होतं, उंचापुरा लष्करी घोडा असेल. बघतो तर पांढरी, पोट सुटलेली, कपाळावर आरशाची टिकली अजून चिकटलेली गुलछडी! बारा वर्षं लग्नात नाचलेली वरातीची घोडी. डॉक्टरांनी मुद्दाम तीच निवडली, कारण तिच्या कानापाशी लड फुटली तरी ती जांभई देते. ती भिते फक्त छत्रीला. तिला सांभाळणारा मोतद्दार त्रिंबक तिच्याबरोबरच केंद्रात नोकरीला लागला आणि आम्हा चौघांना तो नवरदेवच समजतो. रोज विचारतो, 'फेटा न्हाई का आणला, साहेब?'

पहिले दोन महिने बसायचं नावच नाही. नुसता खरारा करायचा, म्हणजे ब्रशनं तिचं अंग घासायचं. डॉक्टर म्हणतात, घोड्याला माणसाच्या छातीतली धडधड कळते. मला पटलं नाही. पण मी दात आवळून गेलो की गुलछडी चार पावलं लांब सरायची, आणि सुभेदार अमरसिंह तिला कडक सलाम ठोकून 'हुशार!' म्हणाले की ती त्यांच्याकडं पाठ करून शेण टाकायची. मग एक दिवस मला दमल्यासारखं झालं. मी तिच्या मानेवर कपाळ टेकून उभा राहिलो. ती हलली नाही. तिच्या अंगाला घामाचा आणि कडब्याचा वास होता, ऊब होती, आणि मी तिला एक गोष्ट सांगून टाकली. एकोणीस वर्षांत मी ती कोणालाही सांगितलेली नाही. (तुम्हालाही सांगणार नाही, राग मानू नका.) घरी येताना मात्र वाईट वाटलं. जी गोष्ट ऐकण्यासाठी सिंधूनं इतकी वर्षं वाट बघितली, ती एका घोडीनं हरभरे खात खात ऐकली.

आता मूळ मुद्दा. मागच्या रविवारी मला पहिल्यांदा तिच्यावर बसवून डांबरी रस्त्यावर काढलं. त्रिंबकनं दोरी धरली होती. पुलापाशी त्यानं तंबाखू मळायला दोरी बगलेत धरली आणि नेमका तेव्हाच पलीकडच्या वस्तीवर बँड वाजला. भाऊ, म्हातारी झाली तरी खोड जात नाही. गुलछडीनं कान टवकारले, दोरी त्रिंबकच्या बगलेतून सुटली, आणि आम्ही दुडक्या चालीनं एका अनोळखी लग्नात दाखल झालो. ती थेट मांडवाच्या कमानीत थांबली, एक गिरकी घेतली, पुढचे पाय दोनदा आपटले. बायका आरतीचं ताट घेऊन धावत आल्या. माझ्या कपाळाला कुंकू लागलंसुद्धा. मग एकीनं वर बघितलं आणि ओरडली, 'आगं माय, ह्यो नवरदेव लई म्हातारा हाय!' पोरीचा बाप पुढं आला. 'पाव्हणं, तुमी कोण?' घाबरलेला माणूस खरं बोलतो. मी म्हणालो, 'मी उपचार घेतोय.'

आणि तेवढ्यात लड पेटली. मला ती पेटलेली दिसली. उडी मारायला जागा नव्हती, खाली बायका होत्या, हातात ताटं होती. मी गुलछडीच्या आयाळीत दोन्ही मुठी आवळल्या. आवाज सुरू झाला. भाऊ, तिचे कान सैल होते. मागचा एक पाय मुडपून ती निवांत उभी होती आणि तिचं पोट माझ्या पायांमध्ये सावकाश फुगत होतं, सावकाश बसत होतं. मी तिच्याबरोबर श्वास घेतला, तिच्याबरोबर सोडला. लड संपली तेव्हा मी अजून वरच होतो. मी कोणालाही पाडलं नव्हतं. हे कळलं आणि मला रडू आलं, चांगलं हुंदके देऊन. 'आता कावून रडतंय हे?' बायका एकमेकींना विचारत होत्या. खरा नवरदेव मागून जीपच्या टपावर बसून आला आणि मला बघून त्याचाही चेहरा पडला.

बरं, आता निघावं म्हटलं, तर घोडी जागची हलेना. गूळ दाखवला, लगाम ओढला, चौघांनी मागून लोटलं. त्रिंबक धापा टाकत पोचला आणि म्हणाला, 'उगं झटू नका. नवरी पाठीवर बसल्याबिगर ही माघारी फिरत न्हाई. एकट्यानं जायचं आन् जोडीनं यायचं, बारा वर्षं तिनं हेच केलंया.' कोणी आपली नवरी देणार आहे का? शेवटी नवरीची आत्या वच्छलाबाई उठली. वय सत्तर, तोंडात दात दोन. 'मला बसवा वर. माझी वरात बैलगाडीतून निघालती, तवापासून मनात राहिलंय.' तिला खुर्चीवर उभं करून माझ्या मागं बसवलं. त्याबरोबर गुलछडी वळली आणि डुलत डुलत चकलांब्याच्या रस्त्याला लागली. मागं बँड, बँडमागं त्रिंबक. वाटेत त्या बाईनं माझ्या पाठीत बोट खुपसून विचारलं, 'तुजी बायकू कुठंय रं?' मी म्हणालो, माहेरी. 'मंग न्यायला कावून गेला न्हाईस?' मी बसच्या टायरचं सांगितलं. तिनं पुन्हा बोट खुपसलं. पुलापासून वावरापर्यंत तिनं तोच प्रश्न तीनदा विचारला आणि मी तिन्ही वेळा टायरचंच सांगितलं.

डॉक्टरांना ही हकिकत सांगितली तर त्या आधी पोट धरून हसल्या. मग गंभीर होऊन म्हणाल्या, जे तोंडानं बोलता येत नाही ते लिहा, आणि ज्याला सांगायचं त्यालाच लिहा. म्हणून हे पत्र. शिवाय एक काम आहे. २८ तारखेच्या रविवारी केंद्रात प्रत्येकानं आपल्या घरचं माणूस आणायचं आहे. त्या माणसानंही घोडीला खरारा करायचा आणि आमच्याबरोबर रिंगणात चालायचं. फॉर्मवर 'घरचे माणूस' अशी रेघ आहे, तिच्यावर मी तुमचं नाव घातलं आहे. तर आपण यावं, ही नम्र विनंती. सिंधूला उगाच दगदग नको, तिला यातलं काही कळवूही नका.

बाकी भेटीत बोलू. तोवर गुडघा जपा, वहिनींचं ऐका आणि व्याह्यांसमोर माझा विषय काढू नका.

आपला,
निवृत्ती

ता. क. धर्मराजभाऊ, तुम्ही येऊ नका. शेजारच्या बोकडानं शिंग उगारलं तर तुम्ही ओट्यावर चढता, हे सगळ्या घाटनांदूरला ठाऊक आहे. घोडीसमोर तुमचं कसं व्हायचं? फॉर्मवरचं तुमचं नाव मी खोडलं. खरं सांगायचं तर ते लिहिलंच नव्हतं.

ता. क. दुसरा. सिंधू, भाऊंच्या डोळ्याचं ऑपरेशन मंगळवारी झालं आणि महिनाभर त्यांना वाचायला मनाई आहे, हे अंजलीनं मला फोनवर सांगितलं. म्हणूनच वर मी नुसती गुडघ्याची चौकशी केली, डोळ्याचं मला ठाऊक आहे हे दाखवलं नाही. म्हणजे हे पत्र त्यांना तूच वाचून दाखवत असणार. इथून पुढं मनात वाच.

पलटणीत माझ्याबरोबर होता, त्याचं नाव जीवन होतं. गाडीत खिडकीजवळची जागा माझी होती. घाटात त्याला मळमळायला लागलं म्हणून मी त्याला माझ्या जागेवर बसवलं. स्फोट त्या बाजूनं झाला. एवढीच गोष्ट आहे. तू विचारायचीस आणि मी 'काही नाही' म्हणायचो, ते हे होतं.

मी न्यायला आलो नाही म्हणजे तू नको आहेस असं तुला वाटलं असेल. तसं नाही गं. माझ्याच हातानं तुझं मनगट मोडलं आणि मला वाटलं, माझ्यापासून लांब असशील तर शाबूत राहशील. तुझ्या भल्यासाठी करतोय असं स्वतःला सांगत राहिलो. खरं म्हणजे मी घाबरलो होतो. मी बरा झालेलो नाही, हे आधीच सांगतो. कुकरची शिट्टी झाली की अजून दचकतो. पण आता दचकल्यावर हात कुठं ठेवायचे ते शिकतोय. तुझ्याशिवाय मला करमत नाही सिंधू. एक दिवसही करमलं नाही.

२१ तारखेला, रविवारी, सकाळच्या बसनं निघतोय. टायर फुटलं तर चालत येईन. आता भाऊ विचारतील, 'बाई, मधीच गप कावून झालीस?' त्यांना सांग, घोडीच्या दाण्यापाण्याचं लिहिलंय. आणि पिशवी भरून ठेव. मी न्यायला येतोय.