ड्रोनच्या हाताला पुस्तकाची बांधणी

तीर्थस्वरूप अक्कांस,

नमस्कार. तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून पत्र. दोन गल्ल्या सोडून राहणाऱ्या थोरल्या मेव्हणीला पत्र लिहिण्याची वेळ पहिल्यांदाच आली आहे, तेव्हा काही चुकले तर सांभाळून घ्या. गुडघे कसे आहेत? त्यांना माझी विचारपूस कळवा.

तुमची बहीण गेली, आणि गेल्या महिन्यात तुम्ही तिच्या साड्या नेल्यात, मी काही बोललो नाही. भांडी नेलीत, तेव्हाही नाही. तीस वर्षे आमच्या घरातले बोलणे तिच्याकडे होते आणि ऐकणे माझ्याकडे. पण मग तुम्ही तिच्या ड्रोनकडे बोट दाखवून म्हणालात, "हे खेळणं तरी कशाला ठेवताय? एक हात मोडलाय त्याचा. पुढच्या खेपेला नेते, देऊन टाकू कुणाला तरी." मला तेव्हा उत्तर सुचले नाही. महिना लागला. उत्तर असे, की देणार नाही.

हात म्हणजे टोकाला मोटर बसवलेल्या चार दांड्या. दर उड्डाणानंतर ती प्रत्येक हातावरून कापसाचा बोळा फिरवी; कापूस अडकला की तिथे तडा आहे असे समजायचे. मग स्क्रू आवळायचे, मोटरच्या बुडाशी गुंतलेले गवत चिमट्याने काढायचे. मी शेजारी पुस्तकांना पुठ्ठे चढवत बसे. (वाचनालयाची पुस्तके बांधण्यात जन्म गेला, वाचली फार थोडी.) म्हणून या महिन्यात तो मोडका हात मी मला येते तसाच दुरुस्त केला: तड्यावर खळ, खळीवर कापडाची पट्टी, वर मेण लावलेला दोरा. काम इतके देखणे झाले, की त्यावर सोनेरी अक्षरांत नाव छापावेसे वाटले. मैदानावर मोटर सुरू केल्या आणि तो हात नेमका त्याच जागी अलगद वर उघडला. अक्का, पुस्तकाची बांधणी उघडण्यासाठीच असते, हे चाळीस वर्षांत मला कधी मुद्दाम आठवावे लागले नव्हते. ड्रोन गवतात तोंडघशी पडला. फिरायला आलेले आपले दातांचे डॉक्टर म्हणाले, "काय हो, पहिल्याच पानावर अडलात?"

मग ड्रोनच्या सामानाच्या दुकानात गेलो. तिथल्या बाईंनी माझी पट्टी नखाने सोलली आणि म्हणाल्या, "काका, ही दुरुस्ती आहे की मलमपट्टी? नवा हात घ्या, सोपं पडेल." मी नवा घेतला नाही. तिने कापूस फिरवला तो हात हा आहे. (हे त्यांना सांगितले नाही.) कार्बनच्या दोन पातळ पट्ट्या आणि चिकटवायला इपॉक्सी घेऊन आलो. तडा साफ केला, दोन्ही बाजूंनी पट्ट्या चिकटवल्या, आतली वायर सैल ठेवली आणि पुस्तके दाबायच्या शिकंज्यात हात एक दिवस धरून ठेवला. हात पक्का झाला, पण जड झाला. ड्रोन त्या बाजूला कलू लागला, तुम्ही बोलू लागलात की मी दाराकडे कलतो तसा. म्हणून उरलेल्या तीन धडधाकट हातांनाही तशाच पट्ट्या लावल्या. आता कापूस मी फिरवतो. कुठे अडकत नाही.

तेव्हा न्यायला येऊ नका. हे उद्धट वाटले तर वाटू द्या.

तुमच्या बहिणीचा नवरा

ता. क. ड्रोन सध्या तुमच्याच गच्चीवर, पाण्याच्या टाकीवर आहे. काल तो प्रथमच झाडांच्या वर गेला आणि मी इतका खूश झालो, की खाली कसा आणायचा ते विसरलो. कृपया माळ्याला बांबूने पाडायला लावू नका. मी उद्या सकाळी दहाला येतो, दार तेवढे उघडा.

आणखी ता. क. अंगणात पडले आहे ते टाकीचे झाकण. चारही हात शाबूत आहेत, दुर्बिणीतून मोजले.

शेवटचे. दार उघडले नाहीत, तर शिडी रस्त्याच्या बाजूने लावीन. लोक जमतील. जमोत. विचारतील त्याला मोठ्याने सांगेन, की बायकोचे सामान न्यायला आलो आहे.