काकीनं दिलेला नंबर

३ नोव्हेंबर, सोमवार

निशिगंधाताईचा फोन. आमच्या गावची आशा सेविका. मी कोल्हापुरात, राजारामपुरीत शिडीवर, क्लासचा बोर्ड चढवत होतो. खाली जोडीदार वीरेश शिडी धरून.

"सम्राट, दवाखान्याचं मेसेज बघत न्हाईस व्हय रं तू?"

कसले मेसेज?

"जूनमधी शाळेत कॅन्सर तपासणीचं शिबिर झालं न्हवं का? चिमणाकाकीच्या फॉर्मवर नंबर तुझा हाय. पुढच्या तपासणीला न गेलेल्या बायकांची यादी आज माझ्याकडं आली. काकींचं नाव पयलं! इचारलं तर म्हणत्यात, सम्राटचा फोनच आला न्हाय."

बोर्ड उलटा लागला. वीरेश खालून बोंबलला.

जेवणाच्या सुट्टीत मेसेज उघडले. न वाचलेले दोन हजार तीनशे चौदा! हल्ली मेसेज वाचतं कोण? सगळं व्हॉट्सॲपवर. कर्ज मंजूर, रमी, रिचार्ज संपला, प्लॉट घ्या, परत कर्ज मंजूर. त्यात पाच दवाखान्याचे. इथं उतरवून ठेवतो, म्हणजे परत हरवायचे नाहीत.

१४ जून — श्रीमती चिमणाबाई, शिबिरातील तपासणीनुसार आपली पुढील तपासणी आवश्यक आहे. सोमवार, १६ जून, सकाळी ९ वाजता कोल्हापूर येथे यावे.

२३ जून — आपण तपासणीस आला नाहीत. कृपया विनाविलंब यावे.

मग जुलै. मग ऑगस्ट. तेच.

६ ऑक्टोबर — ही शेवटची आठवण आहे.

शेवटची! म्हणजे मशीनचं काम झालं. मशीन सुटलं.

४ नोव्हेंबर

काल एक गोष्ट लिहिली नाही. पहिला मेसेज मी बघितला होता. तेव्हा मी नृसिंहवाडीत, पेढ्याच्या दुकानात. दुपारी दुकान सोडून नावेत बसलो होतो, नुसताच, पलीकडं जाऊन परत यायला. फोन वाजला. वर 'श्रीमती' एवढं दिसलं. म्हटलं, कुणाचा तरी चुकून आला. अंगठ्यानं उडवला. नावाडी तेवढ्यात मगर दाखवत होता. मगर नव्हतीच, ओंडका होता.

मगर बघत बसलो!

५ नोव्हेंबर

नंबर माझा का, ते आठवतोय. शिबिराच्या दिवशी मी गावात होतो, कधी नव्हे तो. काकीला फोन नाही. घरात एकच, तो आकारामकाकांच्या खिशात. अंघोळीला गेले तरी खुंटीवरच्या सदऱ्यातच. काकी म्हणाली, "तुझा घाल रं नंबर. तुझा फोन कोण बघतंय?" बरोबर होतं. बाईमाणसाच्या छातीबद्दलचा मेसेज काकांच्या फोनवर आला असता, तर पारावर वाचून झाला असता. मी एकेक आकडा सांगत गेलो, निशिगंधाताई लिहीत गेली. काकी माझ्या तोंडाकडं बघत ओठ हलवत होती.

तपासून बाहेर आली. काय म्हणाले, विचारलं. "मेसेज येणार हाय म्हणं." एवढंच. पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, चल, चहा घेऊ.

दुसऱ्या दिवशी मी गावातनं गेलो.

आई गेल्यावर मी जेवलो ते काकीच्या ताटात. हे लिहायचं कारण नाही. तरी लिहिलं.

उद्या पहिल्या गाडीनं गारगोटी, तिथनं गाव.

६ नोव्हेंबर

गाडीत बसलो. मुदाळ तिट्ट्याला चहाला उतरलो. समोर गुऱ्हाळ पेटलेलं. वास असा, की पाय आपोआप तिकडं. गूळ शिजवणारा गुळव्या ओळखीचा निघाला, दोन वर्षांमागं त्याच्याकडं चिपाडं ओढलीत मी. म्हणाला, "गडी पळालाय, आजचा दिवस धर की लेका." एस्टी गेली. मी बघितली जाताना.

७ नोव्हेंबर

अजून गुऱ्हाळावरच. काय लिहू!

८ नोव्हेंबर, शनिवार

गावात पोचलो. बरोबर गुळाची ढेप. ढेप घेऊन गेलो म्हणजे काय कमी होणार होतं कोण जाणे.

काका सोप्यात बसलेले. मला बघून उठले नाहीत.

"या पावणं! अगं ए, टपाल खातं आलं बघ. पाच म्हयन्यानं!"

मी ढेप खाली ठेवली.

"बायकू माझी, दुखणं माझ्या घरात, आन नंबर ह्या भटक्याचा! मी काय मेलतो?"

मला वाटलं, आजारपणावरनं पेटलेत. नाही. नंबरावरनं. आपला नंबर का नाही घातला, हे त्यांना जास्त लागलंय. गाठ कुठं, केवढी, एका शब्दानं विचारलं नाही.

शेजारची शालूबाई दारातनंच — "आमच्या सासूचं बी मेसेज तुझ्याकडं अडकल्यात काय रं? न्हाय, बघून ठेव." हसली. गल्लीला कळलेलं दिसतंय. सम्राटमुळं. सगळं सम्राटमुळं. खरंच आहे, तरी शालूबाईनं हसायचं काय कारण?

काकी चुलीपुढं, भाकरी थापत. मी जवळ बसून विचारलं, "शिबिरातल्या डॉक्टरनं तुला काही सांगितलं नव्हतं?" काका कान देऊन होते. तिनं भाकरी उलटली.

"मेसेज येणार म्हणलेलं. ह्याच्याकडं. ह्यानं सांगितलाच न्हाय की."

काका — "ऐकलंस?"

ऐकलं. दोन भाकरी खाल्ल्या. तिनं वाढल्या.

९ नोव्हेंबर

गोठ्यात एकटी गाठली. 'गाठ' हा शब्द काकी काढत नाही. 'ते' म्हणते. ते दुखत नाही. जूनमध्ये ते हरभऱ्याएवढं होतं. आता लिंबाएवढं आहे. शेण भरता भरता सांगितलं. मी म्हशीकडं बघत ऐकलं.

गुरुवारी कोल्हापूरला जायचं ठरलं. काका म्हणाले, ऊसतोड आलीय, मला जमायचं न्हाय, ज्यानं घोटाळा केलाय त्यानं न्यावं.

ठीक. नेतो.

१० नोव्हेंबर

पळून जावंसं वाटतंय. मुदाळ तिट्ट्याला गुळव्या कामाला घेईल. नाहीतर निपाणी. पिशवी भरली होती. काकीनं बघितली. पिशवीतले कपडे काढून धुतले आणि वाळत घातले. ओल्या कपड्यांत कुठं पळणार!

१३ नोव्हेंबर, गुरुवार

मोठा दवाखाना. नऊच्या आत पोचलो, तरी रांग जिन्यापर्यंत. भिंतीवर टीव्ही, त्यात एक हसरी बाई सांगते — वेळेवर तपासा, निर्धास्त राहा. आवाज बंद. नुसती हसते. दर पाच मिनिटांनी तीच हसते.

काकी पहिल्यांदाच लिफ्टमध्ये. माझा दंड धरला आणि वरच्या मजल्यावर पोचलो तरी सोडला नाही.

डॉक्टरीण तरुण, माझ्याच वयाची असेल. कागद बघून म्हणाली, "जूनमध्ये बोलावलं होतं. पाच महिने! मेसेज मिळाले नव्हते का?"

काकी — "पोराकडं हुतं."

डॉक्टरणीनं माझ्याकडं बघितलं. "वाचता येतं ना तुला?"

येतं म्हटलं.

ती अजून चार शब्द बोलली असती तरी चाललं असतं. सुईची तपासणी लिहून दिली. काकी आत गेली. बाहेर आली तेव्हा पदर दोन्ही हातांनी घट्ट धरलेला. म्हणाली, "मुंगी चावल्यागत." खोटं. ओठाला दात लागलेला दिसत होता.

रिपोर्ट मंगळवारी. तोवर राजारामपुरीतच राहू, वीरेशच्या आईकडं. शांतव्वा. त्या काकीशी निम्मं कानडीत बोलतात, काकी मराठीत उत्तर देते, दोघींचं छान चालतं.

१५ नोव्हेंबर

फोनमधले सगळे मेसेज पुसले. दोन हजार तीनशे. कर्ज, रमी, प्लॉट, सगळं. ते पाच ठेवले. मग रागानं तेही पुसायला गेलो आणि थांबलो. मशीननं पाच वेळा सांगितलं. मी एकदाही नाही. तरी रागवायला मशीन बरं, ते उलट बोलत नाही.

काकांचा फोन नाही. मीच केला. "रिपोर्ट आला की कळीव," म्हणाले, "का तेबी पाच म्हयन्यानं?" ठेवला.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

रिपोर्टच्या खिडकीवर आधार कार्ड मागितलं. काकीनं कमरेची पिशवी काढून माझ्या हातात दिली, तूच बघ म्हणाली. आधारच्या मागं एक कागद. चार घड्या, घड्यांवर झिजून भोकं पडलेली, एका कोपऱ्याला हळद. शिबिराचा. काकीचं नाव, खाली पेनानं — गाठ आहे, पुढील तपासणी तातडीने, १६ जून, सकाळी ९.

वर तारीख शिबिराच्याच दिवसाची.

"हे काय?"

"कागद."

"तुला माहीत होतं?"

"व्हय. शिबिरातल्या डॉक्टरीणबाईनं दोनदा वाचून दाखीवलं हुतं."

"मग गेली का नाहीस!"

खिडकीतला माणूस बघायला लागला. काकीनं पिशवीची नाडी ओढली.

"एकटी कशी जाऊ? तुज्या काकाला म्हणू, चल? मेसेज आला की तू येशील म्हणलं. म्हणून तर नंबर तुझा दिलता. वाट बघत बसलो."

रिपोर्टमध्ये आहे. कॅन्सरच आहे. सोमवारी परत बोलावलंय, पसरलाय का ते बघायला.

खिडकीतल्या माणसानं पुढच्या तारखेसाठी फोन नंबर विचारला. मी तोंड उघडायच्या आत काकीनं सांगितला. दहाच्या दहा आकडे, न अडखळता. माझाच.