नऊ हॉस्पिटलं आणि माझा चौदा ओळींचा प्रोग्राम

३ सप्टेंबर, मंगळवार
आमच्या बॉस मॅम ऑर्फेलिनांनी मीटिंगमध्ये सर्वांसमोर काम माझ्याकडे सोपवलं. सर्वांसमोर म्हणजे गेनालिनसमोर. बाकीचे ट्रॅफिकमध्ये होते.

आमचं रक्तसाठ्याचं रजिस्टर सेबूतली आणि भोवतालच्या बेटांवरची नऊ हॉस्पिटलं वापरतात. कुठल्या गटाच्या किती पिशव्या कुठे आहेत, ते नर्सला स्क्रीनवर दिसतं. सगळा डेटा क्लाउडवर. प्रत्येक टेबलाला, डेटाच्या तक्त्याला, एक पॉलिसी, म्हणजे कोणी बघायचं आणि कोणी लिहायचं याची यादी. त्या याद्यांमध्ये नोकरी सोडून गेलेल्यांची नावं तशीच आहेत. एकजण तर वारला आहे, तरी त्याला लिहायची परवानगी आहे. सोमवारी १६ तारखेला सरकारी तपासणी. त्याआधी ही घाण काढायची.

गेनालिन म्हणाली, स्क्रीनवरून एकेक नाव काढू, दोघं बसलो तर तीन दिवसांत होईल. ती माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी आणि हुद्द्याने एक पायरी खाली. त्यामुळे तिला हातानेच कामं करायची सवय. मी सांगितलं, यासाठी लायब्ररी असते, दुसऱ्यांनी लिहून ठेवलेला तयार कोड. पाच-दहा ओळींचा प्रोग्राम. शुक्रवारी मोकळा.

४ सप्टेंबर
लायब्ररीचं मॅन्युअल उघडलं. पहिलं पान इतकं सोपं की दुसऱ्याची गरज वाटली नाही.

५ सप्टेंबर
सर्वात वर नाव नोंग ताकियोचं, म्हणजे ताकियोदादाचं. माझ्याआधी इथे तोच होता. सगळं त्यानेच उभं केलं, मग रिटायर होऊन शेजारच्या बोहोल बेटावर बदकं पाळायला गेला. बदकवाल्याला क्लाउडचे पूर्ण हक्क कशाला? गेनालिन म्हणाली, त्याला राहू दे, मॅमनंतर वरच्या पातळीवर, सगळ्या याद्या उघडू शकेल असा, तोच एकटा आहे. मी म्हटलं, सुरक्षेत भावनेला जागा नाही. ती म्हणाली, मी भावनेचं नाही, किल्लीचं बोलतेय.
वाक्य बरं होतं. मी जेवायला गेलो.

६ सप्टेंबर, शुक्रवार
प्रोग्राम तयार. चौदा ओळी. नमुन्याच्या टेबलावर चालवला. त्या यादीत एकच नाव होतं, ते गेलं. यश.
गेनालिनने विचारलं, दोन नावं असलेल्या टेबलावर बघितलंस का? एक काढता येतं तर दुसऱ्यात काय वेगळं असणार? अशा शंकांमुळेच माणसं मागे राहतात.
शुक्रवारी मोकळा होणार होतो, तसा झालोच म्हणायचं. फक्त चालवायचं बाकी आहे.

९ सप्टेंबर
मॅमने विचारलं, झालं का? नव्वद टक्के, म्हटलं. उरलेले दहा टक्के म्हणजे ते चालवणं. घाई नको. दुपारी पाठ दुखत होती.

१० सप्टेंबर
गेनालिनने स्क्रीनवरून स्वतःहून चार नावं काढली. मी मॅमकडे तक्रार केली, पद्धतीत ढवळाढवळ होतेय म्हणून. मॅम म्हणाल्या, मग तू कर ना बाबा, कोणी अडवलंय?
उद्या नक्की.

११ सप्टेंबर, बुधवार
दुपारी २.१०. चालवला.

२.१४. एक्केचाळीस टेबलं, एक्केचाळीस वेळा "यशस्वी". चार मिनिटांत. गेनालिनचे तीन दिवस कुठे आणि माझी चार मिनिटं कुठे.

२.२१. एका हॉस्पिटलचा फोन. रजिस्टर उघडत नाही. त्यांना पान रिफ्रेश करायला सांगितलं.

२.२६. आणखी दोघांचा. त्यांच्या नेटचा प्रॉब्लेम असावा. तसं सांगितलं.

२.३३. स्वतः बघायला गेलो. "आपल्याला परवानगी नाही" असं आलं. मला! दुसऱ्या ब्राउझरमधून बघितलं. तिथेही नाही.

२.४०. प्रोग्राम वाचला. काढायची होती फक्त जुनी नावं, पण मी प्रत्येक टेबलाला रिकामी यादी लावून आलोय. नऊ हॉस्पिटलं गेली. गेनालिन गेली. मी गेलो. लायब्ररीने विचारायला नको होतं का?

२.४८. क्लाउडवाल्यांना मदतीसाठी लिहिलं. उत्तर चोवीस तासांत.

२.५५. एका बेटावरच्या हॉस्पिटलातून नर्स एर्लिंडाचा फोन. बाळंतीण आहे, रक्त थांबत नाही, ओ निगेटिव्हच्या दोन पिशव्या हव्यात. हा गट आमच्याकडे हजारात एखाद्याचा. तिला फक्त कुठे आहे ते हवं होतं. म्हणाली, सर, तुमच्या स्क्रीनवर बघून सांगा ना. मी म्हटलं, एकदा रिफ्रेश करून बघा. ती म्हणाली, रिफ्रेश करून रक्त येत नाही सर. आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला रागवता आलं असतं.

३.०५. गेनालिनने डायरीतून नंबर काढले. स्वतःच्या फोनवरून एकेका हॉस्पिटलातल्या ताईला विचारत बसली. "मनांग, ओ निगेटिव्ह आहे का? फ्रीज उघडून बघा, मी थांबते." मी दुसरा फोन घेतला, तर तिने माझ्यापुढे कागद सरकवला: मॅमचं खातं उघड.

३.१५. मॅम म्हणाल्या, पासवर्ड जुन्या फोनवर यायचा. जुना फोन मे महिन्यात मोआलबोआलला समुद्रात पडला. आम्ही सगळे तेव्हा पिकनिकलाच होतो. मी हसलो होतो, आठवतंय.

३.२२. म्हणजे उरला बदकवाला. माझा प्रोग्राम फक्त टेबलांवर फिरला, वरच्या पातळीला पोचलाच नाही, म्हणून त्याचं नाव वाचलं. नोंग ताकियोचा फोन बंद.

३.४०. फोन बंद.

३.४४. गेनालिनच्या आठव्या फोनला एका हॉस्पिटलात दोन पिशव्या मिळाल्या. बर्फाची पेटी, रिक्षा, मग वेगवान होडी. होडीवाल्याला तिने सांगितलं, नोंग, आज भाड्याला थांबायचं नाही, एकच पेटी आणि तुम्ही.

४.०२. बोहोलच्या त्या गावात पिठामिठाचं दुकान आहे, तिथला नंबर गेनालिनने मिळवला. दुकानदारीण बदकांच्या तळ्यावर ओरडत गेली. मला ते फोनवर ऐकू आलं.

४.२०. नोंग ताकियो फोनवर आला. आधी त्याने विचारलं, हॉस्पिटलांचं काय? मग म्हणाला, पोरा, यादी आधी वाचायची, त्यातलं एक नाव काढायचं, मग तीच यादी परत ठेवायची. तू कोरा कागद ठेवून आलास. मी म्हटलं, हो नोंग. तो म्हणाला, रडू नकोस, आधी दुकानातल्या कॉम्प्युटरवर बसू दे मला, इथूनच करतो.
मी रडत नव्हतो. सर्दी आहे.

४.५०. पेटी बेटावर पोचली.

संध्याकाळी ६.५०. गेनालिन नावं सांगत होती, तो एकेक परत चढवत होता. शेवटचं हॉस्पिटल सुरू. फोन ठेवताना म्हणाला, माझं नाव काढायचं होतं ना? काढा आता, पण एकानेच बघू नका, दोघांनी बघा.

१२ सप्टेंबर
अहवाल लिहिला. मथळा: "अनियोजित सुरक्षा सराव". मॅमने वाचला आणि विचारलं, सराव कुणाचा? काम आता गेनालिनकडे. मला फक्त वाचायची परवानगी.
एका अर्थी बरंच झालं. वाचणाराच खरा जाणकार.

बाळंतीण वाचली. मुलगा. हे गेनालिनने येऊन सांगितलं आणि माझ्या टेबलाजवळ थोडा वेळ उभी राहिली. मी फाईल शोधत होतो. कुठली ते आठवत नाही.

१३ सप्टेंबर
मी यादी वाचून दाखवली, तिने नावं काढली. एकेक करून. तीन दिवसांचं काम दीड दिवसात झालं, कारण मी वाचतो छान.

१६ सप्टेंबर
तपासणी झाली. तपासणीवाल्यांनी गेनालिनला चहाला बोलावलं, मला नाही. मॅमने मला केबिनमध्ये बोलावून सांगितलं, उद्या बेटावर जा, एर्लिंडाची माफी माग. समोर जाऊन. फोनवर नाही.
रात्रभर झोप नाही. भाषण तयार केलं, सहा मुद्दे. तिसऱ्या मुद्द्यात लायब्ररीच्या मॅन्युअलच्या रचनेतला दोष आहे. नंतर तो खोडला. चौथाही खोडला.

१७ सप्टेंबर, मंगळवार
पहिल्या बोटीने गेलो. समुद्र लागला. हॉस्पिटलच्या दारात तीस-पस्तीस माणसं बाकांवर. नर्स एर्लिंडा ठेंगणी, पन्नाशीची, कपाळावर चष्मा. मी म्हटलं, मी सेबूहून आलो, त्या रजिस्टरच्या ऑफिसातून. ती म्हणाली, बरं झालं आलात, बसा, वजन किती? मी म्हटलं, एकसष्ट. ताप? नाही. सकाळी खाल्लंय? थोडा भात. दारू? काल नाही. मग मी म्हटलं, नर्स, माझं काम वेगळं आहे. ती म्हणाली, सगळे असंच म्हणतात, बाही वर करा.
मी खाटेवर पडून होतो. सुई टोचल्यावर पहिला मुद्दा काढला: त्या बुधवारी जे झालं त्याबद्दल. ती माझी नाडी मोजत होती. म्हणाली, कुठला बुधवार? इथे सगळेच बुधवार तसेच असतात, मूठ मिटा, उघडा, मिटा, उघडा. दुसऱ्या मुद्द्यापर्यंत माझ्या दंडाला पट्टी लागली आणि हातात बिस्किटांचा पुडा आला. पुढचा रक्तदाता उभा होता.
तिने वहीत नाव विचारलं. रोमुआल्डो कानयेते, मी म्हटलं. तिने लिहिलं: रोनाल्डो. मी दुरुस्त केलं नाही.
परतीच्या बोटीवर डोकं गरगरतंय. एक पिशवी रक्त दिलं. माफी राहिली.