खव्याची खोली

कळंब, माघ, १९४५

प्रिय शिवम्मा,

सोलापूरच्या दवाखान्यातल्या नोकरीवरून रजा घेऊन घरी आले आहे. करोडगिरीच्या नाक्यावर निजामाच्या जकातवाल्या शिपायांनी औषधांची पेटी उपसून पाहिली, म्हणून पोचायला उशीर झाला. अव्वाला अंगण ओलांडतानाही मध्येच बसावं लागतं. हात गुडघ्यांवर रोवून ती श्वास ओढते. ओठ निळसर आहेत.

अप्पांनी तिचं अंथरूण खव्याच्या खोलीत टाकलं होतं. क्षय आहे म्हणून सगळ्यांपासून वेगळं, आणि थंडीत भट्टीची ऊब मिळेल म्हणून तिथं. वाऱ्यानं राख कढईत पडू नये म्हणून ती खोली कायम बंद, हे तुला सांगायला नको. शाळेतून आल्यावर आपण दोघी बहिणी दारातूनच हाक मारायचो. धुरात अव्वा दिसायची नाही, नुसता उलथन्याचा आवाज यायचा.

मी आल्या आल्या अंथरूण ओसरीवर आणलं. दिवाळीनंतर ती सोलापूरला आली होती, तेव्हा तिची थुंकी मी स्वतः सूक्ष्मदर्शकाखाली पुन्हा पुन्हा तपासली, डॉक्टरांनीही पाहिली. क्षय नाही. इतक्या वर्षांच्या लाकडाच्या धुरानं फुप्फुसं निकामी झाली आहेत. अप्पा म्हणाले, काचेत दिसलं नाही म्हणजे नाहीच, असं कुठं असतं? अव्वा म्हणाली, “धूर म्हंजे आजार असतुय व्हय? मंग गावातल्या समद्याच बाया आजारी म्हनायच्या.”

माझ्या आग्रहाखातर अप्पांनी भिंतीत झरोका पाडला. दुसऱ्याच दिवशी खव्यात राख आली आणि त्यांनी त्यात गोणपाट कोंबलं. आता कढईशी नीलम्मावहिनी बसते. सकाळी ती खोकली की अव्वा माझ्याकडं बघते. गोळीनं अव्वाचा श्वास घटकाभर सैल होतो. त्यापुढं माझ्याकडं काही नाही. डॉक्टरांकडंही नाही.

क्षयाचं ऐकल्यापासून जळकोटचे लोक तुला माहेरी पाठवत नाहीत, हे मला ठाऊक आहे. हे पत्र तुझ्या सासऱ्यांना वाचायला दे. हा आजार लागत नाही. मांडीवर घेतल्यानं नाही, मुका घेतल्यानं नाही. नर्स म्हणून मी हे सहीनिशी लिहून देते आहे. अव्वानं तुझं बाळ अजून पाहिलेलं नाही. ती मागत नाही. काल एवढंच विचारलं, तिच्या अंगाच्या धुराच्या वासानं लेकराला बाधा होईल का. शिमग्यापर्यंत थांबू नकोस.

तुझीच,
रुद्रक्का