अकराचे चार

सोमवार, ६ जानेवारी २०१४

अकरा मिलीमीटर! दिल्लीच्या करोल बागेतल्या त्या जुन्या दुमजली घराची भिंत एका आठवड्यात अकरा मिलीमीटर खचली. आमचा वीजवाहिन्यांचा बोगदा बरोबर तिच्या खालून चाललाय. दहाच्या वर गेलं की काम थांबवायचं, असा नियम आहे. मोजणीच्या टीमची प्रमुख मी, म्हणजे तो पाळायला लावणं माझं काम.

श्यामकांत सरांना फोन केला. सगळा प्रोजेक्ट त्यांच्या हाताखाली. "सुनीती, इतक्या धुक्यात तुमच्या यंत्राला दिसतं तरी का, यार? चार लिहा. पुढच्या आठवड्यात बघू. आज बोगद्याचं मशीन थांबलं तर महिना गेला."

टीममधले विष्णूजी समोर मोजणीची वही उघडून बसले होते. फौजेतून निवृत्त, माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठे, आयुष्यभर मोजणीच केलेला माणूस. मी म्हणाले, चार लिहा.

"मॅडम, मी तीनदा मोजलंय."

मी पेन त्यांच्याकडे सरकवलं. मग त्यांनी लिहिलं. चार.

मंगळवार, ७

धुकं. दिवसभर ती वही उघडली नाही.

गुरुवार, ९

राहवेना. स्वतःच गेले त्या घरी. खाली गलाईचं दुकान – सोनं वितळवून शुद्ध करतात. वर म्हाताऱ्या हौसाबाई, दुकान चालवणारा त्यांचा मुलगा, सून, दोन नाती. मूळचे विट्याचे. मी मराठी बोलले तशी हौसाबाईंनी हातच धरला. "पोरी, बघ की. दार मी लावते, अन् ते परत उघडतंय. कोण आत येतंय गं?"

त्यांनी दार लावलं. आम्ही दोघी बघत बसलो. दार सावकाश उघडलं, पार भिंतीला टेकेपर्यंत. बाहेर कोणी नाही. वारा नाही. नुसतं पांढरं धुकं.

त्यांच्या मालकांचा फोटो तिरका लोंबत होता. सरळ करायला उठले. हात लावला आणि कळलं – फोटो सरळच होता. भिंत तिरकी होती!

सुनेने चहा दिला. "ताई, काळजीचं काही नाही ना?" घाबरू नका, म्हणाले मी. किती सहज म्हणाले!

शनिवार, ११

सकाळीच हौसाबाईंचा फोन. जमिनीतून आवाज येतोय म्हणे. गेले. दुकानात फरशीला कान लावला. घरघर – कोणीतरी खाली बसून दळतंय अशी. थांबायची, परत सुरू व्हायची.

"आमचं मशीन आहे, आजी."

बाहेर येऊन बोगद्यात फोन लावला. ऑपरेटर म्हणाला, "मशीन तो कल शाम से बंद है, मॅडम. मरम्मत चल रही है."

परत आत गेले. परत कान लावला. घरघर चालूच होती.

विष्णूजींना बोलावून घेतलं. आधी त्यांनी भिंत मोजली, मग गुडघ्यांवर बसून बराच वेळ ऐकत राहिले. उठले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. "रेती सरकतीये, मॅडम. खाली पोकळी झालीये." मग हळूच म्हणाले, "आज एकवीस आहे."

बस्स! सगळ्यांना बाहेर काढलं. शेजारची दोन घरंही रिकामी केली. हौसाबाई देव घेतल्याशिवाय निघेनात. विष्णूजींनी देव उचलले, मी हौसाबाईंना जवळजवळ ओढतच खाली आणलं. पोलिसांना कळवलं. श्यामकांत सरांचा फोन – "किससे पूछकर?" मी फोन बंद करून टाकला.

रविवार, १२

सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी घर गेलं. कोसळलं नाही, बसलं. दमलेला माणूस बसावा तसं. आवाजसुद्धा फार झाला नाही. धूळ धुक्यात मिसळली आणि मग काहीच दिसेना – घर आहे की नाही तेही.

आत कोणी नव्हतं. कोणी नव्हतं!

हौसाबाई रस्त्याच्या पलीकडे उभ्या होत्या. रडल्या नाहीत. नुसत्या म्हणाल्या, "आलं म्हणायचं, जे यायचं होतं ते."



बुधवार, १५

पेपरात माझा फोटो! आईचा पुण्याहून फोन – "नाव काढलंस." ऑफिसात टाळ्या. श्यामकांत सर सगळ्यांसमोर म्हणाले, "इसे कहते हैं लीडरशिप." विष्णूजी मागे उभे होते. तेही टाळ्या वाजवत होते.

नंतर सरांनी केबिनमध्ये बोलावलं. "चौकशी समिती बसतेय. सहा तारखेच्या पानावर चार आहे." त्यांनी दार लोटलं. "अक्षर तुमचं नाही. माझंही नाही. समझ रही हैं ना?"

शनिवार, १८

विष्णूजींना दोनदा फोन लावला. दोन्ही वेळा त्यांनी उचलायच्या आत मीच कापला.

सोमवार, २०

चौकशी झाली. विष्णूजी ताठ उभे राहिले. "आकडा मैंने लिखा था, साहब." एवढंच. माझं नाव घेतलं नाही. खोटंही बोलले नाहीत. मग माझ्याकडे पाहिलं – आणि वाट बघत राहिले.

अध्यक्षांनी विचारलं, "मॅडम, आपको कुछ कहना है?"

मी म्हणाले, "नहीं, सर."