सवात्दी खा

१२ ऑक्टोबर १९७०

बोलून बसले! चेअरमनसाहेबांनी विचारलं, "बाई, तुम्ही भूगोल शिकवता, सयाम माहीत असेल तुम्हाला?" आणि मी भर बैठकीत म्हणाले, "हो, चांगलं!" काय माहीत आहे मला? आता थायलंड म्हणतात, राजधानी बँकॉक, पीक भात. संपलं!

कारखान्याचे बारा सभासद जानेवारीत तिकडचा ऊस बघायला जाणार. त्यांच्यासाठी मी सोळा पानांची पुस्तिका लिहायची — देश कसा, माणसं कशी, तिथे वागायचं कसं. बारांत आमचे आबा आहेत. सासरे असले म्हणून काय झालं, सहलीला निघालेल्या पोरागत खूश. "आता तू माजीबी मास्तरीन!" म्हणाले.

मी हळूच विचारलं, "तेरावी जागा नाही का?" साहेब हसले. "बाईमाणूस कशाला तिकडं?"

पुणतांब्याहून निघून पुण्याच्या पलीकडे मी कधी गेले नाही. नकाशावर मात्र रोज छडी फिरवते. जायचंय मला. लिहून टाकलं, बरं वाटलं.

२० ऑक्टोबर

बारा जणांचे पासपोर्टचे फॉर्म मीच भरले. एक उरला. आबा म्हणाले, "भर की तुजाबी." म्हटलं, आबा, जागा कुठाय? "कागूदच हाय. पडून ऱ्हाईल पेटीत. भाकर मागतोय का काय?"

भरला. सही मात्र अगदी वळणदार केली. खोटं कशाला लिहू!

३ नोव्हेंबर

ह्यांनी नगरहून वाचनालयातलं जाड इंग्रजी पुस्तक आणलं. वर म्हणाले, "आता स्वयंपाकाला बसताना सयामला जाऊ नकोस." काल पिठलं लागलं होतं, त्याचा टोमणा!

पण काय देश आहे! इंग्रजांचं राज्य तिथे कधी आलंच नाही. जुनी राजधानी अयुथ्या — म्हणजे आपली अयोध्याच की. ब्रह्मदेशच्या फौजेने ती जाळली, मग पुढे नदीकाठी बँकॉक वसवलं. राजाला राम म्हणतात; आत्ताचा नववा. मुलगा मोठा झाला की काही दिवस तरी भिक्षू होतो, सकाळी अनवाणी भिक्षा घेत फिरतो. आणि प्रत्येक घरापुढे खांबावर छोटंसं देऊळ, जागेच्या राखणदाराचं. आबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "मंजी आपल्या बांधावरचा म्हसोबा! त्यांनी माडीवर बसवला, एवढंच."

हे वाक्य पुस्तिकेत जसंच्या तसं घालणार.

७ नोव्हेंबर

रत्नाचं उत्तर नाही. पोस्टमन सहादेव आता लांबूनच मान हलवतो.

(रत्ना म्हणजे पुण्याला माझ्या लेकीच्या, मुक्ताच्या वसतिगृहात राहते ती सयामी मुलगी. पाली शिकते. तिला पत्र घातलंय — तुम्ही नमस्कार कसा म्हणता, ते लिही.)

१३ नोव्हेंबर

त्रिपुरी पौर्णिमा. दिवेलागणीला घाटावर गेलो. द्रोणात दिवे ठेवून गोदावरीत सोडले. मी आबांना म्हटलं, तिकडेही याच पौर्णिमेला केळीच्या बुंध्याचे द्रोण करतात, फुलं, उदबत्ती, दिवा ठेवून नदीत सोडतात. त्यांची नदी, आपली नदी, दिवा एकच! बोलता बोलता माझा द्रोण सोडायचाच राहिला. वेडीच मी.

आबा माझ्या तोंडाकडे बघत राहिले. "तुला लई हौस हाय न्हवं?"

"कसली?" म्हटलं, आणि पदराने दिवा आडोशाला धरला.

२४ नोव्हेंबर

आलं पत्र! रत्ना लिहिते, "सवात्दी खा." सवात्दी म्हणजे आपलं संस्कृतातलं स्वस्ति. 'खा' आदरासाठी. हात जोडायचे, मान लववायची. सोळावं पान झालं. शाळेच्या सायक्लोस्टाईलवर छापायला घेतलं. शाई नाकापर्यंत!

६ डिसेंबर

पहिली शिकवणी. बारा पागोटी चौथीच्या बाकांवर!

"कुणाच्या डोक्याला हात लावू नका. पाय कुणाकडे करू नका."

गहिनीनाथभाऊ तेव्हाच पाय लांब करून बसले होते. "मंग ठिवायचे कुटं, बाई? घरी?"

पण 'सवात्दी खा' बघता बघता पाठ झालं. "खा मंजी जेवा. ह्ये कोन इसरतंय!" म्हणे. आबा तर येता जाता घोकतात. म्हशीलासुद्धा हात जोडून सवात्दी खा!

४ जानेवारी १९७१

पासपोर्ट आले. तेरा. चेअरमनसाहेबांनी माझा उलटसुलट करून बघितला. "बाई, तुम्ही कुठं निघालात?" सगळे हसले. मीही हसले. घरी येऊन ट्रंकेत तळाशी टाकला आणि वरून जड गोधडी ठेवली.

९ जानेवारी

काय झालं आज! रत्ना आली. एवढीशी मुलगी, मोडकं हिंदी, हसरी. बारा जण ओळीने उभे. आबा पुढे, नव्या कोटात. हात जोडून एका सुरात — "सवात्दी खाऽऽ!"

ती खालीच बसली. हसून हसून डोळ्यांत पाणी. मला कळेना. मग तिने सांगितलं — 'खा' फक्त बायका म्हणतात! पुरुषांनी म्हणायचं 'खाप'.

मेले मी. मी विचारलं, तुम्ही कसं म्हणता. तिने ती कशी म्हणते ते लिहिलं. आणि मी महिनाभर बारा बाप्यांना बाया करून ठेवलं! चेअरमनसाहेबांचं तोंड बघण्यासारखं. "म्हणा, खाप!" ते ओरडले. पण जिभेला वळण पडलेलं. परत सगळे, "सवात्दी खा!"

रत्ना माझ्याकडे बोट करून म्हणाली, "सिर्फ इनका सही है."

वाटेने आबा एकच वाक्य बोलले. "तुजं एकटीचंच बराबर, आँ?"

१२ जानेवारी

बाकीचे काल देवी-कॉलऱ्याचं टोचून आले; त्याचा पिवळा दाखला नसेल तर विमानात घेत नाहीत. आबांची काल पाण्याची पाळी होती, म्हणून आज एकटेच कोपरगावला गेले. टोचायला जाताना नवा कोट! सासूबाई म्हणाल्या, "नवरदेव निगालाय."

संध्याकाळी परत आले ते मान खाली घालून. "पोरी, सुई बगितली अन् पळून आलो. न्हाई जमायचं. माजं नाव खोडा."

१३ जानेवारी

परोपरीने समजावलं. ह्यांनी सांगितलं, मी सोबत येतो, डोळे मिटून बसा. नाही! सासूबाईंनी तर कपाळच बडवलं. "इच्चू नांगीला धरून फेकतोय ह्यो मानूस, अन् सुईला भितोय!"

मला इतका राग आला. तीन महिने खपले, जीव तोडून शिकवलं. शेवटी तोंडातून गेलंच, "आबा, तुम्ही एवढे भित्रे असाल असं वाटलं नव्हतं!" ते नुसते हसले.

१४ जानेवारी

संक्रांत. चेअरमनसाहेब घरी आले. तिळगूळ न घेताच खुर्चीत बसले. "तिकिटाचे पैसे परत मिळत नाहीत, नाव तेवढं बदलून देतात. पासपोर्ट असलेलं दुसरं माणूस तालुक्यात नाही. म्हणजे... आहे."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. हातातला हलवा सांडला.

"आणि नमस्कार तरी एकीचा बरोबर होईल," साहेब म्हणाले.

जाणार! मी जाणार! मी, मनकर्णा, सयामला!

१६ जानेवारी

टोचून आले. मुंगी चावल्याएवढं! आबांना तसं म्हटलंही. त्यांना कालपासून कणकण आहे. दंड दुखतो म्हणतात. वैरण तोडताना लचकला म्हणे. बंडी काही काढू देत नाहीत.

२७ जानेवारी

उद्या मुंबई. आबांनी कोट आणून दिला. "इमानात गार असतं म्हन्त्यात. ऱ्हाऊ दे संगं." मी घेऊन सामानावर टाकला. अजून थोडी घुश्शातच आहे त्यांच्यावर.

२९ जानेवारी. बँकॉक

पहिली सवात्दी खा मीच म्हणाले. समोरची बाई गोड हसली. बरोबर आलं!

विमानात खरंच गार होतं. कोट घातला, खिशात हात घातला, तर पिवळं पुस्तक. टोचल्याचा दाखला. आबांचं नाव — सूर्यभान, पुणतांबा. देवी — शिक्का. कॉलरा — शिक्का. तारीख १२ जानेवारी.

भित्रे म्हणाले मी त्यांना.