बेवारस क्रमांक

प्रिय धाकटे,

चार महिने तू फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. न वाचता कागद फाडायचा तुझा स्वभाव नाही, तेवढ्या भरवशावर लिहिते.

आईचे गुडघे तसेच आहेत. दवाखान्याच्या रेकॉर्ड विभागात तुझ्या खुर्चीवर आता फायलींचा ढीग असतो. मी तो उचलायला सांगते, पुन्हा साचतो.

त्या शुक्रवारचं लिहायला हवं. जुन्या कपाटात कुठल्या एक्स-रेची डिस्क कुठल्या खणात आहे हे आपल्याला माहीत असायचं. संगणकावरच्या नव्या स्टोरेजमध्ये खणच नाहीत. प्रत्येक एक्स-रेला एक क्रमांक मिळतो आणि तो कुठे ठेवायचा हे यंत्र आपलं आपण ठरवतं. कुठला क्रमांक कुठल्या रुग्णाचा, ती यादी मात्र आपण सांभाळायची. अर्धी यादी मी चढवली होती, अर्धी तुझ्याकडे होती. "ताई, माझी सोमवारी चढेल, तोवर साफसफाई चालवू नकोस," हे तू दारातून दोनदा सांगितलंस. मी म्हटलं, मला शिकवू नकोस. आणि यादीत नसलेले सगळे क्रमांक बेवारस समजून पुसून टाकले. चार हजार एक्स-रे गेले. जुन्या डिस्क आदल्याच दिवशी मी भंगारात काढल्या होत्या. माझा उरक तुला ठाऊक आहे.

साहेबांनी विचारलं तेव्हा मी एवढंच म्हणाले, "तिची यादी चढली नव्हती." वाक्य खोटं नव्हतं. त्या वाक्यावर तुझी नोकरी गेली.

ते यंत्र माणूस ओळखत नाही, त्याच्या नावाचा परवाना बघतं. पुसायचं तर कोणाचा तरी परवाना लागतो आणि तो कोणाचा होता याची नोंद राहते. ती कोणी मागितली नाही. विभागाच्या मोठ्या बाईंवर, म्हणजे माझ्यावर, संशय कोण घेणार? नोंद उघडायला दोन मिनिटं लागतात. मी चार महिने लावले.

आज ती छापली. चार हजार ओळी, प्रत्येकीत माझं नाव. खाली सगळं स्वतःच्या हातानं लिहून साहेबांच्या टेबलावर ठेवली. माझं काय करायचं ते त्यांनी अजून ठरवलेलं नाही, पण सोमवारी तुला बोलावणार आहेत. ताठ मानेनं जा. आईलाही जेवताना सांगितलं. ती म्हणाली, "मला काय सांगतेस, तिला सांग." माफी मागायची मला सवय नाही, धाकटे. कशी मागतात ते आता तूच शिकव.

तुझीच,
चुकलेली ताई